मामांचा हत्ती

आपल्याला काय व्हायचं आहे हे आमच्या थोरल्या मामांइतकं स्वच्छ ठाऊक असलेला माणूस निजामाच्या सगळ्या मुलखात दुसरा नसेल. त्यांना माहूत व्हायचं होतं. आमच्या चकलांब्यात माणूस जन्मतःच काहीतरी असतो, कुणी शेतकरी, कुणी धनगर. 'व्हायचं' असं कुणाचं काही नसतंच. त्यामुळे पाडव्याला चावडीवर उभं राहून मामांनी, 'मी हत्तीचा माहूत होनार हाय,' असं सांगितलं, तेव्हा ही अर्जी समजावी, तक्रार समजावी की आजार, हे पाटलांना कळेना. 'आन् हत्ती कुठाय?' त्यांनी विचारलं. 'हत्ती सरकारकडं हाय. मानूस तयार पायजे,' मामा म्हणाले, आणि पुढं दर पाडव्याला तेच सांगत राहिले. गाव हसतं तरी कशाला सांगता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, 'बोलून टाकलं की लाज मागं लागती, भाच्या. लाज मागं लागली की मानूस चालतं.'

हत्ती त्यांनी पाहिला होता तो दगडाचा. तरुणपणी म्हशी विकायला जोगाईच्या आंब्याला गेलते, तिथल्या लेण्यात दगडी हत्ती आहेत. त्यातल्या एकावर चढून बसले, आणि उतरले ते माहूत होऊनच. घरी हत्ती नव्हता, म्हैस होती. मग तिच्या मानेवर बसून, पायाच्या अंगठ्यांनी कानामागं टोचत, विद्या सुरू झाली. उंचीची सवय व्हावी म्हणून ते लिंबाच्या बेचक्यात बसून जेवत, आणि मामी काठीला फडकं बांधून भाकरी वर पोचवीत. लोहाराकडून अंकुश करून घेतला, पण म्हशीला लागेल म्हणून तो वापरायचा धीर काही झाला नाही. मामी त्यानं शेवग्याच्या शेंगा पाडायची.

यात मी शिरलो तो शाळेमुळे. गेवराईच्या शाळेत सगळं उर्दूतून. ते मला झेपेना, म्हणून चौथीतूनच घरी आलो. बापानं माझ्याशी बोलणं टाकलं. मामांनी मात्र मानानं बोलावून घोंगडीवर बसवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, फौजदाराची शिवीसुद्धा उर्दूत, मग सरकारी हत्ती मराठीत कसा ऐकेल? 'आन् साधी उर्दू नगं. हुद्द्याचं जनावर हाय. अदबीची सांग.' बसा हे अदबीनं कसं म्हणायचं ते मला येत होतं, कारण मास्तर ते इन्स्पेक्टरसाहेबांना म्हणत: तशरीफ रखिए. माझं सगळं शिक्षण त्या दोन शब्दांत आलं. मामा हात जोडून ते म्हशीला सांगू लागले, आणि किती उन्हाळे गेले कुणास ठाऊक, एके दिवशी ती खरंच बसली.

मग व्हायचं ते झालं. गावात तहसीलदार आले. पाटलांनी चावडीपुढं बाज टाकून, कमरेत वाकून 'तशरीफ रखिए' म्हटलं, तो शेजारून चाललेली आमची म्हैस साहेब आणि बाज यांच्या मधोमध बसली. साहेब उभेच. हसावं की पळावं हे कुणालाच कळेना. मामा तेवढे पाटलांना म्हणाले, 'तुमचं बोलनं तिला पटलं म्हनायचं.' मामीचं दुःख निराळंच होतं: 'धारंच्या येळंला हिला हुबं ऱ्हायला कोन शिकवनार?'

एका सुगीनंतर मामांनी तयारी पुरी झाल्याचं जाहीर केलं. उर्दू अडली तर, म्हणून मला सोबत घेतलं. बैलगाडीनं जालना, पुढं आगगाडी, आणि हैदराबादेत विचारत विचारत एका नवाबांच्या हत्तीखान्यात. मामांना हाकलून देतील ही मला धास्ती. त्याहून मोठी धास्ती, ठेवून घेतील आणि मला एकट्याला परतावं लागेल. दारोग्यानं सगळं ऐकून घेतलं आणि, बहुधा गंमत म्हणून, एका हत्तिणीकडं बोट केलं. जिवंत हत्ती मामा पहिल्यांदाच पाहत होते. बराच वेळ नुसते वर बघत राहिले. मग पागोटं सारखं केलं, हात जोडले आणि म्हणाले, 'बाईसाहेब, तशरीफ रखिए.'

तिथले माहूत हसून गवताच्या गंजीवर लोळले. त्यांचा हुकूम 'बैठ' एवढाच होता. हत्तीण उभीच. तिनं सोंडेनं मामांचं पागोटं हुंगलं, काढलं आणि अलगद बाजूला ठेवलं. दारोगा डोळे पुसत म्हणाला की माहुताचं काम माहुताच्या पोरालाच मिळतं. पण हे पोर उर्दू शाळेत गेलेलं आहे, याला चाऱ्याच्या कोठीवर ठेवतो.

ज्यानं जन्मात काही व्हायचं म्हटलं नव्हतं त्याला जागा मिळाली. हे उलटं कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. मामांनी पागोटं झटकून पुन्हा गुंडाळलं. 'ऱ्हा तू,' ते म्हणाले. 'मोठ्या घरची हाय ती, एका दिसात कशी बसंल? रोज सांगत जा, माज्या वतीनं.'

तेव्हापासून मी इथं दोन वेळ पोटभर खातो ते मामांच्या हत्तीचंच. रोज सकाळी तिच्यापुढं चारा टाकून ते दोन शब्द म्हणतो. आधी मामांसाठी म्हणत होतो, मग सवयीनं, आता कशासाठी ते मलाही सांगता येत नाही. उमापूरचा एक व्यापारी येतो-जातो. त्याच्या तोंडी मामांचा निरोप असायचा, 'बसली का?' माझा जायचा, 'अजून न्हाई.'

परवा ती बसली. माहूत म्हणाले, वय झालंय, गुडघे थकले असतील. असतीलही. मी कडब्याची पेंढी हातात धरून उभाच राहिलो, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सगळ्यांदेखत दारोग्याला सांगून टाकलं की माझ्या मामांना मी या हत्तिणीवर बसवणार आहे. त्यानं माझ्याकडं आमच्या पाटलांसारखं पाहिलं. आता लाज मागं लागली आहे.

उमापूरकर उद्या निघतो. मामा हल्ली लिंबाच्या बुडाशीच जेवतात म्हणे, त्यांना वर चढवत नाही. बसलेल्या हत्तिणीवर चढवेल, असं मामांना कळवायला त्याला सांगितलं आहे.