दगडापलीकडची चौदा पावलं

सिल्वासाहून वापीला जाणारा रस्ता दिसायला साधाच आहे. आमली मागे पडली की तो आपली हद्द सोडतो, काही अंतर गुजरातमधून जातो, दादऱ्याला पुन्हा आपल्यात येतो आणि वापीच्या अलीकडे पुन्हा गुजरातचा होतो. दादरा नगर हवेली भारतात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी कोकणातून तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले होते. भूगोल हा माझा विषय. नकाशातली तुटक रेघ जमिनीवर कशी दिसते हे मुलींना कळावं म्हणून मी सातवीचा वर्ग आमलीच्या पुढच्या हद्दीच्या दगडापर्यंत चालवत नेला होता.

माझा धाकटा भाऊ त्या दिवशी आमच्याबरोबर होता. बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात तो माझ्याकडे येऊन राहिला होता. दगडाच्या दोन बाजूंना दोन पाय रोवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "बघा गं पोरींनो, माझा डावा पाय परमुलखात गेला. आता उजव्या पायाने प्यायलेली चालेल, डाव्याने प्यायली तर पोलीस धरतील." मुली खिदळल्या. पलीकडे दारूबंदी, अलीकडे ताडीची दुकानं, तेव्हा विनोद कळायला भूगोल लागत नव्हता. मी त्याला मुलींसमोर दटावलं. तो म्हणाला, "ताई, तुझा तो दगड हसत नाही, निदान तू तरी हस."

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. रविवार होता. गावाकडून येणारे एक गृहस्थ आईने दिलेली आमसुलं घेऊन वापी स्टेशनवर उतरणार होते. भाऊ पहाटे सायकलवरून गेला. नऊच्या सुमारास आमलीतले एक वारली गृहस्थ, माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, धापा टाकत दारात आले. "बाई, तुमच्या भावाला ट्रकने उडवलाय. ट्रक पळाला. तो जिता आहे." येताना त्यांनी चौकीतही कळवलं होतं. आमचे जमादार रस्त्यावरच भेटले. वापीकडे निघालेला लाकडाचा एक रिकामा ट्रक त्यांनी थांबवला, मला पुढे बसवलं आणि आम्ही निघालो.

भाऊ एका मोहाच्या झाडाखाली आडवा होता. लोकांनी त्याला रस्त्यावरून बाजूला घेतलं होतं. रक्त फारसं नव्हतं. कोपर सोललेलं, कपाळाला खोक. पोट मात्र तो हाताने दाबून धरत होता. रस्त्यावर आमसुलं विखुरली होती, काळी, ओलसर. मला पाहून तो म्हणाला, "ताई, आईला सांगू नको सांडली म्हणून. गोळा कर, धुऊन घेऊ."

त्याच्याजवळ पलीकडच्या चौकीचे हवालदार काठी टेकून उभे होते. वयस्कर, पान खाणारे. जमादारांना पाहून ते म्हणाले, "आवो, आवो. पीधेलो लागे छे. तमारो माणस छे, लई जाओ." प्यालेला दिसतो, तुमचा माणूस आहे, घेऊन जा. रविवारी त्या टापूत रस्त्याकडेला पडलेला माणूस म्हणजे अलीकडून पिऊन आलेला, हे त्यांना रोजच्या सवयीने ठाऊक होतं. त्यांच्या आवाजात रागही नव्हता.

जमादार माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ट्रकवाला माघारी वळायला तयार आहे. उचलू या. आपल्या हद्दीत पडला असं मी लिहितो. आधी दवाखाना."

सगळं तयार होतं. दोन्ही पोलीस राजी होते. ट्रकचं इंजिन चालू होतं. मी तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. गेली कित्येक वर्षं ते आठवून लिहायचं टाळत आले.

मी म्हणाले, "तो प्यालेला नाही. आणि तो आपल्या हद्दीत पडलेला नाही. दगड मागे राहिला."

"राहू द्या ना बाई दगड," जमादार म्हणाले.

"असं कसं? तुम्ही इकडचा पंचनामा केलात तर तो कोर्टात टिकणार नाही. उडवणारा ट्रकवाला सुटेल. आणि यांनी तोंडी दारुड्या म्हटलंय. तो प्यालेला नव्हता हे यांच्याच कागदावर यायला हवं."

शाळेच्या कपाटात कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात हद्दीविषयी एक प्रकरण होतं आणि मी ते वाचलेलं होतं. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती, सगळे पुरुष. ते गप्प होऊन ऐकत होते. तोवरच्या माझ्या आयुष्यात इतक्या पुरुषांनी माझं बोलणं मध्ये न तोडता कधी ऐकलं नव्हतं. हेही लिहायला हवं, कारण त्याचा वाटा होता.

मी दगडापाशी गेले आणि तिथून रस्त्यावरच्या सायकलपर्यंत पावलं मोजत आले. मोठ्याने मोजली. चौदा भरली.

हवालदारांनी पान थुंकलं. "बेन साचू कहे छे," ते म्हणाले. बाई खरं सांगतात. आता इतक्या लोकांसमोर त्यांना दुसरं काही म्हणता येत नव्हतं. जागा त्यांची ठरली होती. त्यांच्या साहेबांनी येऊन पाहिल्याशिवाय ना सायकल हलणार होती, ना माणूस. त्यांनी एकाला सायकलवर साहेबांकडे पाठवलं. लाकडाच्या ट्रकवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग हात जोडून वापीकडे निघून गेला. जमादारांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, तुम्ही मोजायला नको होतं."

मला त्यांचा रागच आला. माणूस भला असला तरी शिस्त नाही, असं मनात आलं.

आम्ही थांबलो. ऊन चढत गेलं तशी मोहाची सावली आखडली. मी भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सुरुवातीला तो बोलत होता, म्हणून मला धीर होता. बोलतोय म्हणजे ठीक आहे, असं मी धरून चालले.

"ताई, आता आपण कुठल्या राज्यात?"

"गप्प पड."

"परीक्षा घे ना माझी. राजधानी सांगतो."

"तू नापास होशील."

"मग पुढच्या वर्षी बसेन," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

मग त्याला तहान लागली. वारली गृहस्थांनी लोट्यातून पाणी आणलं. पोटाच्या माराला पाणी देऊ नये असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून फक्त ओठ ओले केले. त्याचे हात गार पडू लागले तेव्हा मी उठले आणि हवालदारांना म्हणाले, "माझंच चुकलं. जमादार म्हणत होते तसं लिहा. न्या त्याला."

त्यांनी साहेबांच्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेन, हवे केवी रीते? तमे ज गणी बताव्यु." आता कसं, तुम्हीच तर मोजून दाखवलं. त्यांना वाईट वाटत होतं. ते मला स्पष्ट दिसत होतं.

साहेब आले तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी त्यांचं काम नीट केलं. टेप लावली, पंच बोलावले, भावाच्या तोंडाचा वास घेतला, सगळं लिहून घेतलं. मग नेण्याची परवानगी दिली. तेव्हा रस्त्यावर एक बैलगाडी होती, तीच मिळाली. गाडीत गवत होतं. जमादार चालत निघाले, एक हात गाडीच्या दांडीवर ठेवून. चौदा पावलं जायच्या आत, दगड यायच्या अगोदर, माझ्या हातातला त्याचा हात सैल झाला. मी दगडाकडे पाहत होते, म्हणून मला ते ठिकाण नक्की माहीत आहे.

मी काही बोलले नाही. गाडी दगड ओलांडून आमलीत आली, दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, अपघात किती वाजता झाला ते विचारलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चादर तोंडावर ओढली.

जमादार कागद घेऊन बाहेर आले. "बाई, कुठे गेला म्हणून लिहू?"

खरं सांगितलं असतं तर पंचनाम्यासाठी त्याला पुन्हा त्या झाडाखाली न्यावं लागलं असतं.

"आमलीत," मी म्हणाले. "पहिल्या घरापाशी."

दांडीवर हात ठेवून ते चालत आले होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी "आमली" असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता कागदाची घडी केली.

ट्रक सापडला नाही. काही महिन्यांनी पलीकडच्या पंचनाम्याची नक्कल मला मिळाली. गुजरातीत आहे, मी अक्षरं लावून वाचली. जागा अचूक आहे. मद्याचा वास नाही असं स्वच्छ लिहिलं आहे. मी मागितलं होतं ते सगळं त्या कागदात आहे.

त्याआधीच, बारावं झाल्यावर मी गावी गेले, तेव्हा आई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. आमसुलांचं ती काही बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "त्याच्याजवळ कोणी होतं गो?"

"मी होते," मी म्हणाले. "सकाळपासून."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "कोणी अडाणी असतं तर घाबरलं असतं. तुला सगळं कळतं. तुझ्या हातून व्हायचं ते सगळं झालं असणार."

तिचा हात पाठीवर फिरत राहिला. मी तो काढायला सांगू शकले नाही.