वीतभर उसवलेली साडी

आजवर मी हौसेनं सुरू केलेल्या आणि अर्ध्यात सोडलेल्या गोष्टींनी एक माळा भरेल. पूर्ण केलेली गोष्ट मात्र कपाटाच्या वरच्या कप्प्यात घडी घालून ठेवली आहे. वांगी रंगाची, पिवळ्या काठाची सुती साडी. ती मी विणली. विकत आणली नाही, कोणाकडून विणून घेतली नाही, मी विणली. हे मी कोणी न विचारताही सांगते आणि तेव्हा माझ्या घरचे इकडेतिकडे बघायला लागतात. बघोत बापडे.

सुरुवात ऑफिसात झाली. मिहानमधल्या एका कंपनीत मी नोकरी करते. माझ्या शेजारी बसणारी मुलगी नवीन वर्ष जवळ आलं की एक जाड वही काढायची. रेघा नाहीत, तारखा नाहीत, पानभर नुसते फिकट ठिपके. याला बुलेट जर्नल म्हणतात, असं तिनं मला समजावलं. वर्षाचं पान, महिन्याचं पान, दिवसाचं पान, सगळं आपणच आखायचं. करायच्या कामापुढे ठिपका, काम झालं की त्यावर फुली, राहिलं तर पुढे नेल्याचा बाण. रोजच्या सवयींसाठी ओळीनं चौकटी काढायच्या आणि केलं त्या दिवशीची चौकट रंगवायची. मला हसूच आलं. काम करायचं सोडून कामाची चित्रं कसली काढायची! पण चौकट रंगवताना तिच्या तोंडावर जे समाधान असायचं, त्याचा मला हेवा वाटू लागला. शेवटी मीही तशीच वही घेऊन आले, रंगीत पेनांच्या डब्यासकट.

वर्षाच्या पानावर मी काय काय लिहिलं! सकाळी फिरणं, चहा कमी, पाणी जास्त, भावाशी भांडण नाही. सगळ्यात खाली लिहिलं, ‘बाबांच्या मागावर एक साडी. दसऱ्याच्या आत. पूर्ण माझ्या हातची.’

बाबा विणकर. आमच्या वस्तीत एके काळी घरोघरी हातमाग होते, आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. बाबांचा माग खालच्या खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. लहानपणी मी त्या खड्ड्याच्या काठाशी बसून त्यांना कांड्या भरून द्यायची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळून द्यायची. मागावर मात्र कधी बसले नाही. आधी अभ्यास, मग नोकरी, मग लग्न. त्या डिसेंबरात भावानं सांगितलं की खालची खोली पाडून गाडीसाठी जागा करायची आहे. त्याचंही चूक नव्हतं, घर अपुरं पडत होतं. बाबा म्हणाले, दसऱ्याला पूजा होऊ दे, मग हलवा. उमरेडकडचा एक विणकर माग न्यायला तयार होता. म्हणजे बाबांचं विणणं माझ्या हातात यायचं असेल, तर माझ्याकडे तेवढंच वर्ष होतं.

वही पाहून बाबा म्हणाले, “काहून वं, रांगोळीची वही घेतली का?”

“नाही बाबा, यात साडीचा हिशेब ठेवणार आहे. रोज किती विणलं त्याचा.”

“कपडा सोताच सांगते न किती झाला तं!” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायला घेतला होता.

ऑफिस सुटलं की मी थेट बाबांकडे जायची. पाय खड्ड्यात, पायाखाली दाबायच्या पावड्या, एका हातात धोट्याची दोरी, दुसऱ्या हातानं धागा घट्ट बसवायला फणी ठोकायची. पहिले कित्येक दिवस पायांचा आणि हातांचा मेळच बसेना. काठ असा आत-बाहेर जायचा की बाबा खोलीतून उठून जायचे. मी चिडून दोरी सोडून द्यायची आणि पुन्हा धरायची. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तटातट तुटायचं, तेव्हा बाबा खड्ड्यात पाणी शिंपडून ठेवायचे. फिरण्याच्या चौकटी फेब्रुवारीतच कोऱ्या पडल्या. चहाची ओळ तर मी दुसऱ्या महिन्यात काढलीच नाही. विणण्याची ओळ तेवढी रंगत गेली, कधी दोन बोटं, कधी चार. वही मी मागावर बसायच्या पाटीशेजारीच ठेवायची आणि रोज थांबताना काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची.

पावसाळ्यात मला ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळले. पडल्या पडल्या डोळ्यांसमोर त्या कोऱ्या चौकटी यायच्या.

बरी होऊन गेले आणि वही उघडली, तर चौकटी भरलेल्या. माझ्या वांगी पेनानं नाही, निळ्या बॉलपेननं, कडेबाहेर न जाता, अगदी नेटक्या. मागाकडे पाहिलं. माझी लाल गाठ वीतभर मागे गेली होती आणि पुढचा कपडा असा सपाट, काठ असा सरळ की जणू पट्टी लावून आखलेला.

“बाबा, हे कोणी केलं?”

“मी केलं. दुसरं कोण करन? दसरा जवळ येऊन राहिला न वं. तुह्या वहीतले रिकामे घरं पाहून मले झोप नाही येत होती.”

“पण ही माझी साडी होती!”

“मंग? तुहीच आहे. कोणाले समजते का कोण विणली तं?”

“मले समजते.” ऑफिसात वर्षानुवर्षं शुद्ध बोलणाऱ्या माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

मी मागावर बसले आणि बाबांनी विणलेलं उसवायला लागले. आडवा धागा एकेक करून ओढून काढायचा, उभा तुटू द्यायचा नाही. विणण्यापेक्षा ते जास्त किचकट. आमच्या वस्तीत बापानं विणलेलं कोणी पोरीनं उसवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या हातचा कपडा दुकानदार डोळे झाकून घेत. बाबा थोडा वेळ दारात उभे राहिले, मग अंगणात जाऊन बसले. मला वाईट वाटलं का? वाटलं. हात थांबला का? नाही. सरळ काठाची सुबक साडी मला नको होती. माझी वाकडी मला हवी होती.

वहीत मात्र पंचाईत झाली. झालेल्याला फुली, राहिलेल्याला बाण, पण केलेलं काम मागे घेतल्याची खूण कुठेच नव्हती. मग मीच एक काढली, उलटा वळलेला बाण, आणि बाबांच्या निळ्या चौकटींवर ओळीनं मारला.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा बाबा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरच्या संध्याकाळी पाहते तर पाटीजवळ एक टोपली, वांगी सुताच्या भरलेल्या कांड्यांनी गच्च. बाबा चरख्यापाशी पाठमोरे बसून अजून भरतच होते. लहानपणी त्यांच्यासाठी मी जे करत होते, ते आता ते माझ्यासाठी करत होते. मी कांडी उचलून धोट्यात घातली आणि विणायला लागले. त्यानंतर त्यांनी धोट्याला हात लावला नाही.

साडी नवरात्रात मागावरून उतरली. काठ शेवटपर्यंत पूर्ण सरळ झाला नाही, पण पदराकडे आला तोवर बराच शहाणा झाला होता. वर्षाच्या पानावर साडीच्या ओळीपुढच्या ठिपक्यावर मी फुली मारली, इतकी जोरात की मागच्या पानावर उमटली. दसऱ्याला मागाला झेंडूची माळ घातली. दोन दिवसांनी टेम्पो आला आणि खोली रिकामी झाली. बाबा खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभे होते. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

दिवाळीला मी ती साडी नेसले. उसवलेल्या जागी सूत जरा पिंजलं आहे, तिथं वीतभर पट्टा अंधूक दिसतो. तो निऱ्यांत जाईल अशी मी काळजी घेतली होती. माहेरी बाबांचे एक जुने विणकर मित्र आले होते. बाबांनी मला हाक मारली, मित्राच्या पुढ्यात उभं केलं आणि स्वतः वाकून निऱ्या बाजूला करून तोच पट्टा शोधून काढला.

“हे पाहा गा,” ते मित्राला म्हणाले, “इथं मी विणलं होतं. पोरीनं उसवून टाकलं.”

मित्र वाकून बघू लागले. बाबांचं बोट अजून त्या पट्ट्यावरच होतं.

“आता पुरी साडी तिची आहे,” बाबा म्हणाले.