आत्याच्या पुस्तकात नसलेली आई

आत्या गेल्याचा सांगलीहून फोन आला, त्याला आता महिना होत आला. आई भाकरी थापत होती. मी चाचरत सांगितलं. तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "गेल्या? आन् मला पुस्तकात न घालताच गेल्या?" मग जी रडायला लागली...

तक्रार जुनी होती. आमची आत्या कौटुंबिक कादंबऱ्या लिहायची आणि कच्चा माल सगळा घरातला. नवं पुस्तक आलं की आमच्याकडं कुणीतरी रुसायचंच. मिलिटरीतून निवृत्त झालेल्या काकांनी पहाटे शिट्टी फुंकून सुनांना उठवणारा सासरा वाचला आणि तडक घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. शिट्टी मात्र सोडली नाही. काकूंना भर मांडवात रुसणारी विहीण झोंबली, म्हणून त्या आत्याच्या वास्तुशांतीला रुसून जेवल्याच नाहीत! सगळे पुस्तकात आले म्हणून चिडलेले आणि आई एकटी, आली नाही म्हणून. "इतकी वर्सं माझ्या हातचं खाल्लं, एका पानाला मी पुरले न्हाई व्हय?" असं मला ऐकवायची. आत्याला विचारायची मात्र तिची छाती झाली नाही.

आणि गंमत बघा, लिहिलेलं प्रत्येक भांडण आत्या आधी आईलाच वाचून दाखवायची. वडील गेल्यावरही त्यासाठी एस्टीनं साताऱ्याला आमच्याकडं यायची आणि स्वयंपाकघरात ठाण मांडायची. एकदा तिनं सासू-सुनेची पानभर जुगलबंदी वाचली. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "वन्सं, असं कोन बोलतं? चिडलेली सासू सुनंला बोलतच न्हाई. मांजराला बोलती." आत्यानं ते पान तिथंच टराटरा फाडलं. खोटं बोलणं तिला कागदावरही खपत नसे. "वैनी, घरं जमिनीवरनं फुटत न्हाईत गं. ताटात कुणाला कोरड्यास कमी पडलं, तिथनं फुटत्यात," असं म्हणायची आणि आईच्या हातचं भाकरीबरोबरचं कोरड्यास पुन्हा वाढून घ्यायची. फार जीव होता माझा तिच्यावर.

रक्षाविसर्जनाला सांगलीत कृष्णेच्या घाटावर निवद ठेवला. कावळे समोर ओळीनं बसलेले, पण एकही शिवेना. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून शब्द द्यायचा, ही आपली रीत. काका पुढं झाले. "आक्का, तो शिट्टीवाला मीच. कबूल! ग्रुपात परत येतो." कावळे ढिम्म. काकूंनी रुसवा सोडला. तरी ढिम्म. ऊन चढायला लागलं. शेवटी सगळ्यांनी आईला पुढं ढकललं. ती पदर सावरून म्हणाली, "वन्सं, मला पुस्तकात घातलं न्हाई, त्याचा मला कायबी राग न्हाई."

एक कावळा तर उडूनच गेला.

मग आईचा बांध फुटला. "आवं, हाय राग! लय राग हाय! सगळ्या खानदानाला मांडलंत, मीच तेवढी नकोशी झाले व्हय? का माझ्यात लिवण्यासारखं कायच न्हवतं? आन् आता उत्तर न देता निघालाय? कुनाला इचारू मी?" नणंद-भावजयीचं आयुष्यातलं हे पहिलंच भांडण... आणि एक कावळा सरळ निवदावर उतरला.

काकांनी हात जोडले. काकूंनी हुश्श केलं. आई मात्र तिथंच उभी, रडत, पदरानं नाक पुसत. मी तिला धरलं तर म्हणाली, "आत्ता कुठं आमचं भांडण जमलं बघ. आता हे लिवायचं कुनी?"