तलमडुगूत शिवलेला समुद्र

आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा पाच-सात वेळा घड्याळ बघून झालं होतं. आमच्या बंदरावरचं प्रदर्शन पाच दिवसांवर आलं होतं आणि त्यात टांगायची गोधडी अजून तिथून पुढच्या तलमडुगू गावात होती.

समुद्राच्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. माझे आलेख बघून लोक जांभया देतात. म्हणून यंदा हट्टाने ठरवलं, दर वर्षाची एक कापडी पट्टी करायची आणि पट्ट्या वर्षांच्या क्रमाने जोडून गोधडी शिवायची. थंड वर्षाला निळी, तापलेल्याला लाल. शिवायला घेतलं होतं अनसूयामावशींनी, माझ्या मैत्रिणीच्या आईने. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही.

कपाशीच्या रानात रिक्षा पंक्चर झाली. मी येरझाऱ्या घालत राहिले, तसा रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, बैठ जाओ. आपके चलने से पंक्चर नहीं बनता.”

घरी पोचताच मावशींनी भाकर आणि अंबाडीची भाजी पुढे केली. मी आधी गोधडी, त्यांच्या भाषेत वाकय, उलगडली. निळी, लाल, निळी, लाल, रांगोळीसारखी देखणी. पट्ट्या मोजून बरोबर होत्या, वर्षं मात्र सगळी इकडची तिकडे.

“यादी दिली होती ना, मावशी? असं का केलंत?” माझा आवाज चढला.

“सारी लाल एकाच अंगाले येऊन राह्यली होती, पोरी. दिसाले बेकार. म्हून पांगवली.”

“तशीच हवी होती! समुद्र तसाच तापत आलाय. अलीकडची वर्षं जवळजवळ सगळी लालच आहेत.”

मावशी बघतच राहिल्या. “म्हंजे थंड साल आता येऊनच नाई राह्यलं?”

“क्वचित.”

त्यांनी ब्लेड आणलं आणि इतक्या दिवसांचे टाके उसवायला बसल्या. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मीही बसले. संध्याकाळी मैत्रीण शाळेत शिकवून आली, तीही सुई घेऊन बसली.

दोन दिवसांनी वर्षं रांगेला लागली. मावशींनी तीन बाजूंना किनार शिवली, लाल अंगाकडची बाजू मोकळी सोडली आणि दोरा तोडला.

“मावशी, एक बाजू राहिली!” माझं लक्ष बसच्या वेळेकडे.

“राहू दे. तुह्या समुद्राचे सालं सरले काय? नाई ना? मंग कड काऊन बंद करू?”

गोधडी आता बंदरावरच्या हॉलमध्ये टांगली आहे. आलेखांसमोरून निघून जाणारे तिच्यापाशी थांबतात. मासे विकणाऱ्या बायका त्या कडेचे सुटे दोरे चाचपतात आणि विचारतात, “ह्येच्या फुडे काय गो?” हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं तळमळले. आता विचारतात, आणि उत्तर देताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.