कपाटापुढचे पाहुणे

कोराडीला तुळसाबाईंच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळे, मग पुस्तकांचं कपाट दाखवलं जाई आणि चहा त्यानंतर. सासरे छप्पन सालच्या दीक्षेला उभे राहिलेले. साडी राहिली तरी चालेल, पण दीक्षाभूमीवरून पुस्तक घेतल्याशिवाय परतायचं नाही, हा त्यांनी घालून दिलेला दंडक. तुळसाबाई स्वतः अक्षरं जुळवत वाचत. पण कपाटाचा तोरा असा, की पाहुण्याची सुटका नसे.

निवडणुका बेमुदत पुढे ढकलून नवी राजवट मानगुटीवर बसली, त्याला वर्ष होत आलं होतं. कोर्टं नावापुरती उरली होती. अशात एका दुपारी दारात दोन तरुण उभे राहिले. "जय भीम, आई. संघपालचे मित्र आहोत." संघपाल हा तुळसाबाईंचा एकुलता एक, शाळेत शिकवायचा. जय भीम म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवायची रीत त्या घरात नव्हती. मेल्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

तुळसाबाईंनी पाणी दिलं आणि कपाट उघडलं. "दर रविवारी वाचत बसतेत पोट्टे," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आमचा संघपाल, वस्तीतल्या कौसल्याचा रोशन, मौदा गावची मेघा. अशी चर्चा करतेत, का जेवाचंबी भान राहत नाही." पाहुण्यांनी पोहे खाल्ले, तर्री आणखी मागितली, वाकून नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. तिच्यातून तेच पाहुणे उतरले. संघपाल, रोशन आणि मेघा तिघांनाही उचललं. कुठे नेलं ते कुणी सांगेना. गुन्हा काय, तर वाचलं आणि त्यावर बोलले! नावं आपल्याच तोंडून गेली, हे तुळसाबाईंनी कौसल्याचे पाय धरून सांगितलं.

मग वस्तीनं आपले रंग दाखवले. घरोघरची कपाटं रिकामी झाली, पुस्तकांच्या जागी काचेचे ग्लास आले. विहारात तुळसाबाई बसल्या की आजूबाजूची सतरंजी मोकळी होई. ज्यांच्या पोरांना संघपालनं फुकट शिकवलं, ते रस्ता बदलून जात. भीतीनं माणूस किती लवकर हलकट होतो! आणि वर बसलेल्यांना हेच तर हवं असतं.

विहार कमिटीचे मधुकरराव तेवढे आले, तेही मागच्या दारानं. "वहिनी, पोरायले नेलं त्या साहेबाशी बोललो मी. पुस्तकं रोशननं आणून ठेवली, एवढंच सांगा. संघपाल सुटून जाईन."

"आन् रोशन?"

"आपल्याले आपलं पाहा लागते," मधुकरराव चपलेकडे बघत म्हणाले.

मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. एक वाक्य बोललं की पोरगा घरी. तुळसाबाईंनी दोन दिवस याच विचारात काढले. पण रोशन त्यांच्याच ताटात जेवून मोठा झालेला. शेवटी त्या बस धरून शहरात, साहेबाच्या ऑफिसात गेल्या. खुर्चीत तर्री मागणाराच बसला होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पुस्तकं माह्या घरची हायेत, मीच इकत घेतली. न्याचं असंन तर मले ने! रोशनचं नाव मी घेत नाही."

तो हसला. "आजी, उशीर केला तुम्ही. रोशनची आई काल येऊन गेली. सगळं तुमच्या संघपालनं शिकवलं म्हणाली."

"मंग, रोशनले सोडलं?"

"कोणी सांगितलं सोडलं म्हणून?" असं म्हणून त्यानं शिपायाला चहा सांगितला.

बसमधून उतरून तुळसाबाई तडक कौसल्याच्या दारात गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "माह्या पोराचा गळा कापला वं तू! त्या मुडद्यायपुढं खोटं काहून बोलली?"

कौसल्यानं दार उघडलं. डोळे रडून सुजलेले होते.

"बोलली मी खोटं," ती म्हणाली. "पाय धरले त्याचे, तरी नाही सोडला माह्या रोशनले. पण तुळसाबाई, त्या दिवशी तू त्यायच्यापुढं खरं काहून बोलली वं?"