वीबेसाहेबांचे अमर ऑब्जेक्ट

हॅनोव्हरच्या आमच्या विमा कंपनीत ओटोकार वीबे नावाचे साहेब होते. खोलीभर पसरलेल्या आमच्या मेनफ्रेम संगणकावर त्यांनी नवी पद्धत आणली. प्रत्येक ग्राहक, पॉलिसी, गाडी म्हणजे एकेक ऑब्जेक्ट, माहितीचं स्वतंत्र गाठोडं. काम संपलं तरी तो साठून राहणार आणि मागितला की त्याला जोडलेल्या सगळ्यांसकट जसाच्या तसा हजर होणार. तयार डेटाबेस साहेबांना हलका वाटे, म्हणून साठवणीचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच लिहिला आणि दोन वर्षं त्यावर भाषणं ठोकली.

शेवटी नवी पद्धत सुरू झाली, आणि पहिल्याच सोमवारी काउंटरवरच्या रोसविथाबाईंनी एका म्हातारीची पॉलिसी उघडली. पॉलिसीने म्हातारीला बोलावलं, म्हातारीने एजंटाला, एजंटाने आपल्या सगळ्या ग्राहकांना आणि त्यांनी आपापल्या गाड्यांना. मेनफ्रेम ठप्प झाली.

साहेब धावत खाली आले.

"मला एकटी म्हातारी हवी होती," रोसविथाबाई म्हणाल्या, "तुम्ही अख्खं गाव पंगतीला बसवलंत!"

"रचना निर्दोष आहे, बाई. मशीन लहान पडतंय."

"मग तुमचं डोकं जोडा की. तिथे भरपूर जागा रिकामी आहे."

सगळे खो खो हसले. लागेल तेवढंच आणायचं, ही साधी दुरुस्ती साहेबांनी साफ नाकारली. त्याने म्हणे रचनेचं सौंदर्य बिघडतं! दुपारी आम्ही जुना प्रोग्रॅम परत चालू केला.

साहेबांना मात्र बढती मिळाली. मेनफ्रेमपासून लांब, कँटीनच्या वरच्या खोलीत बसून ते दुसऱ्या कंपन्यांना सल्ले देऊ लागले, आणि त्या कंपन्या माना डोलावून ऐकत.