जागा उरली तर

मार्लिस हॉगेनने जन्मात कधी विमानाचं तिकीट विकत घेतलं नव्हतं, आणि याचा तिला चांगलाच तोरा होता. मिनिआपोलिसच्या विमानतळावर, विमानाच्या दाराशी प्रवाशांचे पास तपासण्यात तिची उभी हयात गेली. कंपनीच्या माणसाला प्रवास फुकट, निवृत्तीनंतरसुद्धा. अट एकच. पैसे भरलेले सगळे बसून झाले आणि जागा उरली, तर.

फुकट ते पौष्टिक म्हणतात. पण हे फुकटचं पदरात पडायला जागा उरावी लागते, आणि जागा उरू नये याचा बंदोबस्त कंपनीनेच केलेला. खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकायची. काही माणसं आयत्या वेळी येत नाहीत, तेव्हा हिशेब आपोआप जमतो. पण एखाद्या दिवशी झाडून सगळी येतात. मग कुणाला तरी विनवावं लागतं, की बाबा रे, तू नंतरच्या विमानाने जा, कंपनी तुला पुढच्या प्रवासाचं कूपन देईल.

बाकीची माणसं यासाठी माईकवरून घसा कोरडा करत. मार्लिस नाही. ती हॉलवर एकदा नजर फिरवायची, गर्दीतून वाट काढत नेमकी एका माणसापाशी जायची आणि वाकून विचारायची, "तुम्हाला तशी काही घाई नाही ना?" ते माणूस बहुतेक वेळा उठायचंच.

"तुला कळतं कसं गं?" दाराशी तिच्या जोडीला असणाऱ्या डुएनने एकदा विचारलं.

"जो घड्याळाकडे बघत नाही तो शोधायचा," मार्लिस म्हणाली. "पलीकडे कुणी न्यायला आलेलं असलं, की माणूस सारखं घड्याळ बघतं."

डुएन हसला. तीही हसली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे, हे तेव्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

मार्लिसला नवरा नव्हता, मूल नव्हतं. होती ती एक थोरली बहीण, आर्डिस. ती लग्न करून मिनेसोटाच्या बर्फातून जी उठली ती थेट टूसॉनच्या वाळवंटात जाऊन बसली. दर नाताळाला मार्लिस तिच्याकडे जायला निघे. आदल्या दिवशी बटाट्याचे लेफ्से लाटायची. आपल्या पोळीसारखेच ते, पण आर्डिसच्या मते वाळवंटात कुणाला ते पातळ लाटता येत नाहीत. लेफ्से फडक्यात गुंडाळून मार्लिस दाराशी उभी राहायची आणि नाताळात जागा उरायची नाही. अख्ख्या जगाला बसवून देणारी ही बाई स्वतः उभीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिसरं विमानही भरून गेलं, की डुएन येऊन म्हणायचा, "मग, लेफ्से उघडायचे ना?" आणि आर्डिसचे लेफ्से दाराशीच संपायचे.

तिकडे आर्डिस विमानतळावर येऊन उभी राहायची. आलेल्या प्रत्येक विमानातून उतरणारं प्रत्येक माणूस बघायची. मग एकटीच गाडी चालवत घरी जायची. हे मार्लिसला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं.

मग आर्डिसचा नवरा व्हर्नन गेला. मार्लिस काळा कोट घालून दाराशी उभी राहिली. सकाळचं विमान भरलेलं. त्याच्या मागचंही. तिकीट काढावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण खरं आहे. कंपनीच्या माणसांच्या जमातीत तिकीट काढणं म्हणजे आचाऱ्याने शेजारच्या खानावळीत जाऊन पैसे मोजून जेवणं. ती टूसॉनला पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

"मार्लिस," आर्डिस दारातच म्हणाली, "मयताला माणूस तिकीट काढून येतं गं."

त्यानंतर आर्डिसने विमानतळावर यायचं सोडलं. "येशील तेव्हा येशील," एवढंच म्हणायची. मग मार्लिसचंही निघणं सुटलं. दर रविवारी फोन व्हायचा आणि दोघी बहिणी हवेवर बोलायच्या. इकडे बर्फ, तिकडे ऊन. अशी कितीतरी वर्षं गेली.

गेल्या रविवारी ऊन सांगून झाल्यावर आर्डिस म्हणाली, "डॉक्टरने डोळे तपासले. महिनाअखेरपासून गाडी चालवायची नाही म्हणाला. बरं झालं. तुला आणायला जायची कटकट कायमची मिटली."

"तू कुठे येतेस आता मला आणायला?"

"तू कुठे येतेस?" आर्डिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मार्लिस उठली आणि तिने तिकीट काढलं. पूर्ण पैसे भरून. डुएनला कळलं तेव्हा तो फोनवर ओरडलाच, "तिकीट? अगं, ते प्रवाशांनी काढायचं असतं!" आर्डिसला मात्र तिने कळवलं नाही. कळवून न पोचण्याची तिला सवय होती, आणि तिला त्याच सवयीची भीती वाटत होती.

विमान खच्चून भरणार होतं. मार्लिस मांडीवर लेफ्सेचं पुडकं घेऊन दारासमोरच्या हॉलमध्ये खुर्चीत बसली होती. खिशात तिकीट होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. जन्मभर या दाराशी उभं राहायची सवय. दाराशी एक नवी पोरगी होती. मार्लिसने तिला ओठ चावताना पाहिलं आणि ओळखलं, की झाडून सगळी आली आहेत. पोरीने माईक उचलला आणि परत ठेवला. हॉलवर एकदा नजर फिरवली. लेकुरवाळे ओलांडले, फोनवर बोलणारे ओलांडले, आणि ती सरळ मार्लिसपाशी येऊन वाकली.

"मॅडम, तुम्हाला तशी काही घाई नाही ना?"

मार्लिस घड्याळाकडे बघत नव्हती. एकदाही बघितलं नव्हतं. आजवर ज्यांच्यासमोर ती अशी वाकली होती, ती सगळी माणसं तिला आठवली. किती सहज उठायची बिचारी.

तिचे पाय उठायला निघालेच होते. सवयीचे पाय ते.

"घाई आहे," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. "बहीण न्यायला येणार आहे."

"माफ करा हं," पोरगी म्हणाली आणि पलीकडच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे गेली. तो लगेच उठला. मार्लिसला त्याच्याकडे बघवलं नाही.

टूसॉनला सगळ्यांना कुणी ना कुणी न्यायला आलं होतं. त्यांची मिठ्या मारायची घाई संपेपर्यंत मार्लिस बाजूला उभी राहिली, मग तिने फोन लावला.

"आज काही रविवार नाही," आर्डिस म्हणाली. "कुठल्या विमानतळावर अडकलीस?"

"तुझ्या."

"थट्टा पुरे."

"इथे भिंतीवर तांब्याचा मोठा सरडा आहे. शेपटी तुटलेली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्याच्याखालीच मी उभी राहायचे," आर्डिस म्हणाली. "तिथेच थांब. हलू नकोस."

मार्लिस सरड्याखाली उभी राहिली. खुर्च्या होत्या, पण बसावंसं वाटेना. दार उघडलं की ती पुढे व्हायची. कुणी भलतंच आत यायचं आणि ती मागे सरायची. हळूहळू हॉल रिकामा झाला. सफाईवाला तिच्या पायांभोवतीची फरशी पुसून गेला. दुसरं एक विमान आलं, त्यातली माणसंही आपापल्या माणसांबरोबर निघून गेली. मार्लिस सारखी घड्याळाकडे बघत होती. आर्डिस येतेय की नाही, या डोळ्यांनी गाडी तरी कशी चालवतेय, की विचार बदलून घरीच बसली, काही कळायला मार्ग नव्हता. तिला रडू यायला लागलं.

शेवटी दारातून एक वाकलेली, जाड चष्म्याची म्हातारी भिंतीला हात लावत आत आली आणि अगदी जवळ येईपर्यंत तिने मार्लिसला ओळखलं नाही.

"खूप वेळ उभी आहेस?" आर्डिसने विचारलं.

"खूप."

"हं," आर्डिस म्हणाली. "व्हर्ननच्या दिवशी मी पाद्र्याला थांबवून इथे आले होते. याहून जास्त वेळ उभी होते."

मार्लिसने पुडकं पुढे केलं. आर्डिसने ते घेतलं, फडक्यावरून हात फिरवून आत किती आहेत याचा अंदाज घेतला, आणि दुसऱ्या हाताने बहिणीची बॅग ओढायला लागली.